माल मालकाचा, जबान आपली

हलाल रोजी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साधारणतः दोन माणसे उभी राहतात. एक, स्वतःच्या मालाचा व्यापार करणारा दुकानदार. दुसरा, स्वतःच्या श्रमाचा मोबदला घेणारा मजूर. फिकहच्या ग्रंथांतही ‘बैअ’ म्हणजे खरेदी-विक्री आणि ‘इजारा’ म्हणजे मजुरी व भाडे अशी दोन स्वतंत्र प्रकरणे असतात. परंतु आजच्या शहरांत या दोघांच्या मधोमध एक तिसरा माणूस उभा आहे. तो नोकर आहे, पण त्याची नोकरी विकण्याची आहे. माल त्याचा नाही, भाव त्याने ठरवलेला नाही, नफ्याचा मोठा वाटा त्याच्या खिशात जात नाही; तरीही ग्राहकासमोर बसून शब्द उच्चारतो तो हाच माणूस.

मोटारगाड्यांच्या शोरूममधील सेल्समन हे या तिसऱ्या माणसाचे ठळक उदाहरण होय. मुंबई-पुण्यापासून सोलापूर-नांदेडपर्यंत आपल्या समाजातील पदवीधर मुले, आणि आता मुलीही, या नोकरीत शिरत आहेत. त्यांच्याकडून इमामांना वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा : गाडी मालकाची, भाव मालकाचा, हुकूमही मालकाचा, आम्ही फक्त सांगितलेले बोलतो, मग खोट्याचा गुनाह कुणाचा?

‘खोटे हे खोटेच’ असे एका वाक्यात उत्तर देता येईल. ते चुकीचे ठरणार नाही, पण अपुरे निश्चित ठरेल. ज्याच्यावर दबाव आहे त्याचा दबाव समजून न घेता दिलेला निवाडा हा उपदेश असतो, न्याय नव्हे. म्हणून आधी त्या काचेच्या भिंतीआड काय घडते ते पाहू.

काचेच्या भिंतीआड

सेल्समनचा निश्चित पगार बहुधा बेताचा असतो. घर चालते ते इन्सेन्टिव्हवर, आणि इन्सेन्टिव्ह मिळतो टार्गेट गाठल्यावर. अनेक ठिकाणी तो टप्प्याटप्प्याने दिला जातो. समजा, दहा गाड्यांचा टप्पा आहे, नऊ गाड्या गेल्या आहेत आणि महिन्याची तीस तारीख उजाडली आहे. अशा वेळी दहावी गाडी ही एका गाडीपुरती बाब राहत नाही. ती गेली नाही तर आधीच्या नऊ गाड्यांवरील मोबदल्याचा दरही खाली येतो. त्या दिवशी शोरूममध्ये येणाऱ्या ग्राहकाला ठाऊक नसते की समोरच्या हसतमुख तरुणाच्या घरचे भाडे आणि मुलाची फी आपल्या होकारावर लटकलेली आहे.

शिवाय विकायची असते ती केवळ गाडी नव्हे. गाडीच्या किमतीत शोरूमला सुटणारा नफा मर्यादित असतो. म्हणून इन्शुरन्स इथूनच झाला पाहिजे, कर्ज इथल्याच बँकेचे घेतले पाहिजे, अ‍ॅक्सेसरीजचा संच, वाढीव वॉरंटी आणि जुन्या गाडीचा एक्स्चेंज, या प्रत्येकाचे वेगळे टार्गेट असते. सकाळच्या बैठकीत सर्वांसमोर आकडे वाचले जातात आणि मागे पडलेल्याला सर्वांसमोर बोलणी बसतात. दिवसभर उभे राहणे, टेस्ट ड्राइव्ह, रात्री उशिरापर्यंत फॉलो-अपचे फोन असा दिनक्रम असतो. इतरांची सुट्टी असते त्या रविवारी इथे सर्वाधिक गर्दी. पितृपक्षात शोरूम ओस पडते, पण टार्गेट ओस पडत नाही. दसरा-धनत्रयोदशीला डिलिव्हरीची रांग लागते आणि जेवायलाही उसंत मिळत नाही. वरचा मॅनेजरही मोकळा नसतो. त्याच्या डोक्यावर डीलर असतो, डीलरच्या डोक्यावर कंपनीचा साठा आणि त्या साठ्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज असते. दबाव वरून खाली उतरत येतो आणि सर्वांत शेवटी सेल्समनच्या जिभेवर येऊन थांबतो.

त्या जिभेवर मग काही ठरावीक वाक्ये तयार होतात. ही सवलत फक्त आजच्या दिवसापुरती आहे. या रंगाची ही एकच गाडी उरली आहे. दुसरे गिऱ्हाईक चेकबुक घेऊन निघाले आहे. इन्शुरन्स बाहेरून काढलात तर क्लेमच्या वेळी अडचण येईल. ही वाक्ये काही वेळा खरी असतात, पण ती उच्चारताना खरी आहेत की नाहीत याचा विचारच होईनासा होतो. खोटे बोलणे वाईटच, पण खऱ्या-खोट्याची विचारपूस मनातून निघून जाणे हे त्याहून अधिक भयावह.

दबाव आणि सक्ती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शरीअतने मजबुरीची दखल घेतलेली नाही असे मुळीच नाही. मक्केत छळ सोसणाऱ्या हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) यांच्या प्रसंगाशी निगडित असलेली सूरह अन-नह्लची १०६ वी आयत मन ईमानवर स्थिर असताना सक्तीमुळे जिभेवर आलेल्या शब्दाला माफ ठरवते. फुकहांनी यावरून ‘इकराह’ म्हणजे सक्तीचे सविस्तर विवेचन केले. जीव किंवा अवयव गमावण्याची खरी धमकी ही पूर्ण सक्ती. त्याखालचा त्रास ही अपूर्ण सक्ती. आणि दोहोंचे हुकूम वेगळे. मात्र एक मर्यादा त्यांनी कधीही पुसली नाही. पूर्ण सक्तीतही निरपराध माणसाचा जीव घेण्याची सूट मिळत नाही, कारण माझ्या जिवाची किंमत त्याच्या जिवाहून जास्त नाही.

या मर्यादेमागचा विचार आपल्या प्रश्नाला लागू पडतो. सवलत ही मुख्यतः माझ्या आणि माझ्या रबच्या दरम्यान असते. दुसऱ्याचा हक्क मध्ये आला की सवलत आकसते. टार्गेट हुकल्याने इन्सेन्टिव्ह जाणे ही मोठी अडचण आहे, नोकरी जाणे ही त्याहून मोठी. परंतु तिचे निवारण मी समोरच्या कुटुंबाच्या वर्षानुवर्षांच्या बचतीतून करू शकत नाही. माझी अडचण खरी आहे, तशी त्याची बचतही खरी आहे. दबाव हा सक्तीचा भाऊ असेल, पण तो सक्ती नव्हे.

राहिला मालकाच्या हुकुमाचा मुद्दा. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग आला आहे. प्रेषित (स.) यांनी एका तुकडीवर एका अन्सारी सहाबींना प्रमुख नेमले आणि त्यांचे ऐकण्यास सांगितले. ते एकदा रागावले, त्यांनी लाकडे गोळा करवून आग पेटवली आणि सोबत्यांना तीत उतरण्याचा हुकूम दिला. सोबती थबकले, आगीतून सुटण्यासाठीच तर आपण प्रेषितांकडे आलो, असा विचार त्यांनी केला. तेवढ्यात आग विझली आणि राग शमला. प्रेषितांना हे कळले तेव्हा त्यांनी सांगितले की ते आत शिरले असते तर कधीच बाहेर पडले नसते; आज्ञापालन हे केवळ भल्या कामातच असते. ज्या प्रमुखाची नेमणूक खुद्द प्रेषितांनी केली होती, त्याच्या हुकुमालाही ही मर्यादा आहे. मग सेल्स मॅनेजरच्या हुकुमाची काय कथा?

आणि गुनाह कुणाचा? सूरह सबाच्या ३१ ते ३३ या आयतींत कियामतच्या दिवसाचे एक चित्र आहे. दुबळे लोक बलवानांना दोष देतात, बलवान दुबळ्यांवर उलटतात. दुबळे म्हणतात की रात्रंदिवस तुम्हीच आमच्याकडून हे करवून घेत होता. शेवटी शिक्षा समोर दिसताच दोघेही मनातल्या मनात पस्तावतात. सूरह अन-नह्लची २५ वी आयत सांगते की इतरांना वाट चुकवणारे स्वतःच्या ओझ्याबरोबर त्यांच्याही ओझ्यातील वाटा उचलतील. दुसरीकडे कुरआनचा वारंवार आलेला नियम असा की कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. हे सर्व एकत्र वाचले की उत्तर स्पष्ट होते. मालकाचा गुनाह नोकरापेक्षा मोठा असू शकतो. परंतु मालकाच्या पारड्यात पडलेले वजन नोकराच्या पारड्यातून काढून घेतलेले नसते. गुनाह वाटला जात नाही, तो वाढतो.

ज्याला ठाऊक आहे त्याने

तरीही एक शंका उरते. दोष लपवण्याची मनाई विक्रेत्याला आहे आणि विक्रेता तर मालक आहे. सेल्समन केवळ मध्यस्थ. त्याने स्वतःहून काही सांगितलेच पाहिजे काय?

याचे उत्तर हजरत वासिला बिन अल-अस्कअ (रजि.) यांच्या प्रसंगात मिळते. मुसनद अहमद आणि हाकिम यांच्या संग्रहांत तो आला आहे. एका माणसाने वासिला (रजि.) यांच्या घराकडून एक उंटीण विकत घेतली आणि तो निघाला. वासिला (रजि.) धावत त्याच्या मागे गेले. त्यांनी विचारले, हिच्यात काय आहे ते तुला सांगितले का? तो म्हणाला, यात सांगायचे काय, ही तर धष्टपुष्ट दिसते. त्यांनी पुढे विचारले, तुला ही मांसासाठी हवी की प्रवासासाठी? तो म्हणाला, हजच्या प्रवासासाठी. तेव्हा त्यांनी सांगितले की हिच्या खुरात छिद्र आहे. विकणारा वैतागला, तुम्ही माझा सौदा मोडता आहात, असे म्हणाला. त्यावर वासिला (रजि.) यांनी प्रेषितांची शिकवण ऐकवली. तिचा आशय असा की वस्तूत जे काही आहे ते उघड न करता ती विकणे कुणालाही वैध नाही, आणि ज्याला ते ठाऊक आहे त्यालाही ते न सांगणे वैध नाही.

या प्रसंगात चार गोष्टी आहेत आणि त्या चारही शोरूमच्या दारापर्यंत येऊन पोहोचतात.

पहिली गोष्ट, जबाबदारीचे मूळ मालकीत नाही, माहितीत आहे. ज्याला ठाऊक आहे तो बांधलेला आहे. वाहतुकीत घासलेली आणि पुन्हा रंगवलेली गाडी, टेस्ट ड्राइव्हसाठी वापरलेली डेमो गाडी, आदल्या वर्षाच्या निर्मितीचा यार्डात उभा राहिलेला साठा, जुन्या गाड्यांच्या धंद्यात मागे फिरवलेले किलोमीटर किंवा पुरात बुडून धुऊन-पुसून उभी केलेली गाडी : हे ज्याला माहीत आहे, त्याला ‘मी फक्त नोकर’ ही ढाल उपयोगी पडत नाही.

दुसरी गोष्ट, वासिलांनी आधी गरज विचारली. मांसासाठी घेतली असती तर खुरातील छिद्राने काही बिघडत नव्हते. दोष हा वस्तूत जितका असतो तितकाच तो वस्तू आणि गरज यांच्या नात्यात असतो. महिन्याकाठी थोडेच अंतर चालवणाऱ्या निवृत्त गृहस्थाला महागडी डिझेल गाडी गळ्यात बांधणे, सहा माणसांच्या कुटुंबाला पाचजणांची गाडी ‘आरामात बसता येईल’ म्हणून देणे, यात वस्तू निर्दोष असूनही विक्री सदोष असते. चांगला सेल्समन ग्राहकाची गरज विचारतोच. प्रश्न एवढाच की तो ती गरज भागवण्यासाठी विचारतो की तिचा फायदा उठवण्यासाठी.

तिसरी गोष्ट, ग्राहकाने तक्रार केलेली नव्हती. त्याचे समाधान झाले होते. तरी ते समाधान अज्ञानावर उभे होते म्हणून वासिला (रजि.) धावले. सूरह अन-निसाच्या २९ व्या आयतीत परस्परांच्या राजीखुशीने होणाऱ्या व्यापाराला मान्यता आहे. पण जे ठाऊकच नाही त्याला राजी होणे याला राजीखुशी कसे म्हणावे?

चौथी गोष्ट अशी की विकणारा चिडला. सचोटीने तिथे कुणाचा तरी सौदा अडचणीत आलाच. हे आपण लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

किती बोलावे, कुठे गप्प राहावे

याचा अर्थ सेल्समनने आपल्या मालाची निंदा करत बसावे असा होत नाही. गाडीचे खरे गुण उत्साहाने सांगणे हे त्याचे काम आहे आणि त्या कामाचा मोबदला वैध आहे. दलालीच्या मोबदल्याची चर्चा इमाम बुखारी यांनीही आपल्या संग्रहात केली आहे. बाजारातील मध्यस्थांना पूर्वी ‘समासिरा’ म्हणत; हजरत कैस बिन अबी गरजा (रजि.) सांगतात की प्रेषितांनी आम्हाला त्याहून सुंदर नाव दिले, ‘तुज्जार’ म्हणजे व्यापारी, आणि सांगितले की सौद्यात वायफळ बोलणे आणि शपथा शिरतात, म्हणून त्यात सदका मिसळत जा. विकणाऱ्याच्या पेशाला प्रेषितांनी तुच्छ लेखले नाही. त्याला प्रतिष्ठा दिली आणि त्याच्या जिभेचा धोकाही ओळखला.

किमतीच्या बाबतीत फुकहांनी केलेला भेद इथे उपयोगी पडतो. ‘मुसावमा’ म्हणजे साधी घासाघीस. तीत विकणाऱ्याने आपली खरेदी-किंमत सांगण्याचे बंधन नाही. ‘मुराबहा’मध्ये मात्र तो खरेदी-किंमत सांगतो आणि तीवर ठरावीक नफा घेतो, हा विश्वासाचा सौदा, म्हणून इथे सांगितलेली किंमत खोटी निघाली तर खरेदीदाराला त्याविरुद्ध हक्क मिळतो. त्यामुळे आमचा नफा किती हे सांगणे मला शक्य नाही, असे म्हणणारा सेल्समन खोटे बोलत नाही. पण साहेब, शोरूमलाच ही गाडी एवढ्याला पडली, असे खोटे म्हणताक्षणी त्याने घासाघिशीला विश्वासाचे रूप दिले आणि त्याच क्षणी तो विश्वास मोडला. मौन वैध होते. त्याने बोलणे निवडले.

‘दुसरे गिऱ्हाईक निघाले आहे’ या वाक्याचे नातेवाईकही जुन्या बाजारात सापडतात. विकत घेण्याचा इरादा नसताना केवळ दुसऱ्याला भरीस घालण्यासाठी बोली वाढवणे याला ‘नजश’ म्हणतात आणि प्रेषितांनी ते निषिद्ध केले आहे. त्यासाठी पूर्वी निदान एक खरा माणूस तरी उभा करावा लागे. आता काल्पनिक ग्राहकावरही भागते.

एक ताजे उदाहरण घेऊ. लहान गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्याचा निर्णय ३ सप्टेंबर २०२५ रोजी झाला आणि तो २२ सप्टेंबरपासून लागू झाला. मधल्या दिवसांत वर्तमानपत्र वाचणारे ग्राहक थांबले. पण समजा, बातम्यांपासून दूर असलेला एखादा शेतकरी त्या काळात पैसे घेऊन आला, तर त्याला सांगावे की न सांगावे? गाडीत दोष नाही, किंमत त्या दिवशीची खरी आहे. प्रेषितांनी गावाबाहेर जाऊन काफिल्यांना गाठण्याची आणि बाजारभाव कळण्याआधीच त्यांचा माल घेण्याची मनाई केली आणि बाजारात पोहोचल्यावर मालधन्याला सौदा मोडण्याचा हक्क दिला. तिथेही मालात दोष नव्हता. एकाला भाव ठाऊक होता, दुसऱ्याला नव्हता, एवढेच. प्रसंग तंतोतंत सारखा नाही, पण आशय पुरेसा स्पष्ट आहे. ज्या गोष्टीने सारा गाव सावध झाला आहे ती एकट्या भोळ्या माणसापासून लपवून साधलेली विक्री ईमानदाराच्या मनाला टोचली पाहिजे.

ग्राहकाच्या भल्यासाठी खोटे?

शोरूममध्ये खोट्याचा एक गोड प्रकारही आहे. कंपन्या ठरावीक नोकरदारांना विशेष सवलत देतात. ग्राहक तिथे नोकरीला नसताना कुणाचे तरी ओळखपत्र जोडून ती सवलत मिळवून दिली जाते. ग्राहक खूश, सेल्समनचे टार्गेट पूर्ण, मॅनेजरचे डोळे मिटलेले. नुकसान झालेच तर एका मोठ्या कंपनीचे, जिला चेहरा नाही. परंतु अमानतचा हुकूम चेहरा पाहून बदलत नाही. ग्राहकाला फसवणे हे जसे वर्ज्य, तसे ग्राहकाशी संगनमत करून तिसऱ्याला फसवणेही वर्ज्य. सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीतील मर्यादा दोन्हीकडे सारखी आहे : नेकीत सहकार्य, गुनाहमध्ये असहकार.

व्याजाचा प्रश्न याहून कठीण आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बहुसंख्य गाड्या कर्जावर विकल्या जातात. सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये व्याज घेणाऱ्या-देणाऱ्याबरोबर त्याचे लिखाण करणारा आणि साक्षीदार यांनाही सामील केले आहे. गाडी विकणे हे मूलतः वैध काम आहे. परंतु कर्जाचे कागद भरणे, त्यावर कमिशन घेणे या गोष्टी कितपत आणि कशा लागू होतात हे प्रत्येकाच्या प्रत्यक्ष कामावर अवलंबून आहे. म्हणून आपले काम नेमके सांगून जाणत्या मुफ्तींना विचारावे. एक गोष्ट मात्र विचारण्याचीही गरज नाही. रोख पैसे घेऊन आलेल्या माणसाला कर्जाचे फायदे पटवून व्याजात ढकलणे हे कुठल्याही अर्थाने केवळ कागद भरणे नव्हे. इन्शुरन्सचेही तसेच. त्रयस्थ पक्षाचा विमा मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार अनिवार्य आहे, तो काढावाच लागतो. पण तो कोणाकडून काढायचा याचा निर्णय ग्राहकाचा आहे, आणि विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही हे स्वातंत्र्य मानले आहे. ते त्याच्यापासून लपवणे म्हणजे त्याचा हक्क मारणे.

मालकाला आणि ग्राहकालाही

आतापर्यंतचे विवेचन केवळ सेल्समनला सुनावण्यासाठी आहे असे समजून शोरूमचे मालक आणि गाडी घेणारे निर्धास्त झाले तर सारा लेख वाया गेला.

मालकांनी हजरत अबू जर (रजि.) यांची हदीस आठवावी. तिच्यात हाताखाली काम करणाऱ्यांना भाऊ म्हटले आहे, त्यांच्यावर ताकदीबाहेरचे ओझे टाकू नये, टाकले तर स्वतः मदत करावी, असे सांगितले आहे. जे टार्गेट खरे बोलून गाठताच येत नाही, ते टार्गेट नव्हे. तो खोटे बोलण्याचा लेखी नसलेला हुकूम आहे. बुखारीतील एका हदीस-ए-कुदसीनुसार कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह ज्या तिघांचा प्रतिवादी असेल, त्यांत मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणारा आहे. नऊ गाड्या विकून घेऊन दहाव्या गाडीच्या सबबीवर कष्टाचा मोबदला कापणाऱ्या पद्धतीकडे त्या दृष्टीने पाहावे. ती कराराच्या अक्षरात बसत असेल. न्यायात बसते का, हे मालकाने स्वतःला विचारावे. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी घेताना पुरेपूर मापून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांचा विनाश सांगितला आहे. ते माप धान्याचे असते तसे श्रमाचेही असते.

आणि आपण, गाडी घेणारी कुटुंबे? शेजारच्या शोरूमने न दिलेला भाव ‘त्यांनी दिला’ म्हणून सांगणे ही आपल्याकडे हुशारी समजली जाते. घ्यायची नसताना सुट्टीची करमणूक म्हणून टेस्ट ड्राइव्ह घेणे, चार-चार रविवार त्या तरुणाला आशेवर ठेवणे, बुकिंग करून फोन न उचलणे हे सर्रास चालते. हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसमध्ये खरेपणा आणि स्पष्टपणा दोन्ही पक्षांकडून अपेक्षिला आहे, दोघे खरे बोलले तर सौद्यात बरकत, दोघांनी लपवाछपवी केली तर बरकत पुसली जाते. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी प्रेषितांच्या हातावर प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतण्याची बैअत केली होती. त्यांच्यासाठी तीनशे दिरहमला ठरलेला घोडा त्याहून मोलाचा आहे हे पाहून त्यांनी आपणहून किंमत वाढवत आठशेपर्यंत नेली, अशी रिवायत तबरानी यांनी दिली आहे. एवढी उंची आपल्याला झेपणार नाही. निदान खोटा भाव सांगू नये, आणि घ्यायची नसेल तर ‘घ्यायची नाही’ एवढे दोन शब्द स्पष्ट बोलावेत. त्या दोन शब्दांनी एखाद्याचे आठवडाभराचे फोन वाचतात.

सचोटी हे विक्रीचे तंत्र नव्हे

शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न उरतो. खरे बोलणाऱ्याची गाडी विकली नाही तर?

अशा वेळी वक्ते घाईने सांगतात की खरे बोला, विक्री आपोआप वाढेल. कित्येकदा ते खरेही ठरते. ज्याने एकदा खरे सांगितले त्याच्याकडे ग्राहक आपल्या भावाला, मेहुण्याला पाठवतो. परंतु हे आश्वासन म्हणून देता येत नाही. वासिलांच्या सचोटीने विकणाऱ्याला लाभ झाल्याचे ती रिवायत सांगत नाही. सौदा अडचणीत आल्याचेच ती सांगते. जी सचोटी विक्री वाढते म्हणून पाळली जाते ती विक्री घटताच सुटते. मग ती विक्रीच्या अनेक तंत्रांपैकी एक तंत्र उरते. सूरह अत-तलाकच्या दुसऱ्या-तिसऱ्या आयतींत तकवा बाळगणाऱ्याला वाट काढून देण्याचे आणि कल्पनेपलीकडून रोजी देण्याचे वचन आहे. कल्पनेपलीकडून, याचा अर्थच असा की ती याच महिन्याच्या इन्सेन्टिव्हमधून येईल अशी अट आपण घालू शकत नाही.

म्हणून व्यवहार्य मार्ग असा. नोकरी सरसकट सोडा असे सांगणे योग्य नाही. पेशा मूलतः वैध आहे आणि त्यात प्रामाणिक माणसांची गरज आहे. आपल्या जिभेपुरती सीमा आधी ठरवावी, महिन्याच्या तीस तारखेला नव्हे, एक तारखेला. दोष माहीत असेल तर सांगावा. माहीत नसेल तर ‘विचारून सांगतो’ म्हणावे. शपथ घेऊ नये, कारण शपथेने माल खपतो पण बरकत पुसली जाते, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. नमाजची वेळ आणि जुमाची सुटका याविषयी मॅनेजरशी सुरुवातीलाच बोलून ठेवावे. खोटे बोलण्याचा थेट हुकूम आला तर सभ्यपणे नकार द्यावा. एखाद्या ठिकाणी खोट्याशिवाय टिकताच येत नसेल, तर दुसरी वाट शोधण्यास सुरुवात करावी आणि ती सापडेपर्यंत जिभेला जपावे.

इथे घरच्या माणसांचे काम सुरू होते. एका हाताने हप्त्यावरच्या वस्तू मागणारे आणि दुसऱ्या हाताने हलाल रोजीची दुआ करणारे कुटुंब आपल्या मुलाला दोन विरुद्ध दिशांना ओढते. या महिन्यात इन्सेन्टिव्ह कमी आला तर ‘किती आणलेस?’ याआधी ‘कसे आणलेस?’ असे विचारणारी आई, कमी पैशांत महिना निभावून नेणारी पत्नी, आणि मुलाच्या पगाराची शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना न करणारा बाप, हे त्या तरुणाचे खरे बळ आहे. शोरूममधला दबाव आपण हटवू शकत नाही; घरातला हटवू शकतो. वरून खाली उतरत आलेला दबाव ज्या जिभेवर थांबतो, तिच्या पाठीशी घर उभे असेल तर ती जीभ खरे बोलण्याचे धाडस करू शकते.

अल्लाह तआला आपल्या तरुणांना हलाल आणि पुरेशी रोजी देवो, मालकांच्या अंतःकरणात न्याय आणि ग्राहकांच्या बोलण्यात खरेपणा देवो, आणि ज्या दिवशी प्रत्येक जिभेला तिच्या शब्दांचा हिशेब द्यावा लागेल त्या दिवशी आपणा सर्वांना लज्जेपासून वाचवो. आमीन.